खिशातलं लिब्रेऑफिस, मराठीसाठी : कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

काम ठरलं. लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं खुलं सॉफ्टवेअर आहे, त्याचं इंजिन अँड्रॉइड फोनवर मराठीसाठी नीट बसवायचं. मराठी फॉन्ट ॲपच्या आतच, मजकुराची मूळ भाषा मराठी, शाळेला लागणारे नमुने तयार, आणि हे सगळं नेटशिवाय चालणारं. पहिले वापरणारे म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधले ओळखीचे शिक्षक.

या शिक्षकांचा फोन हाच त्यांचा संगणक आहे. व्हॉट्सॲपवर वर्डची फाइल येते, भरून संध्याकाळपर्यंत परत पाठवायची असते. फाइल दिसते, पण तिच्यात लिहिता येत नाही. मग मॅडम कागदावर माहिती लिहितात, फोटो काढतात आणि फोटो पाठवतात. पलीकडे कुणीतरी तो फोटो बघून पुन्हा टाइप करतं. पुढच्या वर्षी तीच माहिती लागली की फोटोत शोधता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्तं अशीच गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये हरवून गेलेली आम्ही पाहिली. मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे, आणि तो लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये राहिला पाहिजे. हा प्रकल्प एवढ्यासाठीच आहे.

ऑनलाइन लिहिण्याच्या सोयी चांगल्या आहेत, पण त्यांना नेट लागतं. पावसाळ्यात सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे इंजिन फोनमध्येच हवं.

१९ जुलै

पाया कुठला घ्यायचा यावर आज बराच वेळ गेला. थोडा इतिहास नोंदवून ठेवतो, नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

हे सॉफ्टवेअर मुळात फोनसाठी नाहीच. १९८५ मध्ये जर्मनीत मार्को ब्योरिस या किशोरवयीन मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं आणि २००० मध्ये त्याचा सोर्स ओपनऑफिस या नावाने खुला केला. पुढे सन कंपनीच ओरॅकलकडे गेली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये स्वयंसेवकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून लिब्रेऑफिस वेगळं काढलं. म्हणजे आपण हात घालतोय तो लाखो ओळींचा सी प्लस प्लस कोड आहे, आणि त्याची मुळं माउस, कीबोर्ड आणि मोठ्या पडद्याच्या काळात आहेत.

फोनवर आणायची सुरुवात २०११ च्या सुमारास झाली. तोर लिल्क्विस्ट या फिनिश प्रोग्रॅमरने अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्हींसाठी हे इंजिन कंपाइल करून दाखवलं. गिंप विंडोजवर आणणारा माणूस हाच. २०१५ मध्ये अँड्रॉइडसाठी लिब्रेऑफिस व्ह्यूअर आलं. त्यात प्रामुख्याने फाइल बघता यायची, लिहिण्याची सोय प्रायोगिक होती. २०२० मध्ये कोलॅबोरा या कंपनीने वेगळ्या वाटेने पूर्ण लिहिता येणारं ॲप आणलं. त्यांनी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनलाइन आवृत्तीचा पडदा घेतला आणि त्याच्यामागे सर्व्हरऐवजी फोनमधलंच इंजिन जोडलं. अपाची ओपनऑफिसवर बेतलेलं ॲन्ड्रोपन ऑफिसही आहे, पण त्यात डेस्कटॉपचा मेनू जसाच्या तसा छोट्या पडद्यावर येतो. बोटाने ते मेनू पकडणं पन्नाशीच्या गुरुजींना जमणार नाही.

आम्ही कोलॅबोराची वाट धरली. परवाना मोझिला पब्लिक लायसन्स २.०, त्यामुळे बदल करून आपल्या नावाने बांधायला हरकत नाही. नाव आणि चिन्ह मात्र आपलंच वापरायचं.

२ ऑगस्ट

बिल्ड झाला, म्हणजे कोडमधून चालणारं ॲप तयार झालं. पहिला पूर्ण बिल्ड रात्रभर चालतो हे गृहीत धरूनच लॅपटॉप टेबल फॅनसमोर ठेवला होता.

हा बिल्ड दुहेरी असतो. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, फोनचा एआरएमचा, एकासाठीचा कोड दुसऱ्यावर चालत नाही. पण बिल्ड चालू असताना मधेच काही अवजारं लागतात, ती लॅपटॉपवर चालावी लागतात. म्हणून आधी ती अवजारं लॅपटॉपसाठी कंपाइल होतात, आणि मग ती वापरून फोनसाठीचा खरा कोड. त्यामुळे एखादी त्रुटी आली की ती कुठल्या अर्ध्यातली आहे हे आधी बघायचं. लॉगमध्ये फोल्डरचं नाव वाचलं की कळतं.

शेवटी जे तयार होतं ती एकच अवाढव्य लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, असते. डेस्कटॉपवर लिब्रेऑफिस म्हणजे शेकडो लहान लायब्रऱ्यांचा संसार. सुरुवातीच्या अँड्रॉइडच्या लिंकरला (कोडचे भाग जोडणाऱ्या अवजाराला) इतक्या लायब्रऱ्या एका ॲपमध्ये उघडणं झेपायचंच नाही, म्हणून सगळं एकत्र बांधायची पद्धत पडली. आता ती मर्यादा राहिली नाही, पण एकत्र बांधण्याचा एक फायदा टिकून आहे. जे कुठूनच वापरलं जात नाही ते लिंकर काढून टाकतो आणि आकार कमी होतो. जावा नाही, डेटाबेसचा भाग नाही. रायटर (लेखन), कॅल्क (तक्ते) आणि इम्प्रेस (सादरीकरण) राहतात. शाळेला तेवढंच हवं.

९ ऑगस्ट

ॲप उघडलं, त्यात इतिवृत्त उघडलं, बोटाने सरकलं. आत काय चालतं ते समजून घेण्यात दिवस गेला, आणि मला हा भाग फार देखणा वाटतो म्हणून सविस्तर लिहितो.

लिब्रेऑफिसकिट नावाचा एक पातळ थर आहे. त्याला सांगायचं, ‘या फाइलचा इथून इथपर्यंतचा तुकडा रंगवून दे’, आणि तो २५६ बाय २५६ पिक्सेलची चौकोनी फरशी रंगवून देतो. पडद्यावर पान दिसतं ते अशा फरशांनी बनलेलं असतं. आपण एक अक्षर टाइप केलं की इंजिन कळवतं, ‘या चौकोनातला भाग जुना झाला’. मग तेवढ्याच फरशा पुन्हा रंगवल्या जातात. मापं पिक्सेलमध्ये नसतात, ट्विपमध्ये असतात. एका इंचात १४४० ट्विप. त्यामुळे झूम कितीही केला तरी इंजिनाच्या दृष्टीने पान तेच राहतं, फक्त फरशीखाली किती ट्विप येतात ते बदलतं.

पडद्यावर फरशा मांडण्याचं काम लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरून उभं राहिलं. लीफलेट मुळात नकाशांसाठी आहे. नकाशात जसे आपण बोटांनी चिमटीत धरून झूम करतो आणि तुकडे येत राहतात, तेच इथे पानाला लावलं गेलं.

सर्व्हरवर ही व्यवस्था चालते तेव्हा प्रत्येक फाइलसाठी वेगळी प्रोसेस असते, स्वतःच्या कोंडवाड्यात बंद. एकाची फाइल बिघडली तरी दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून. फोनवर तशा प्रोसेस काढता येत नाहीत. मग सगळे भाग एकाच प्रोसेसमध्ये थ्रेड म्हणून चालवले जातात. पण त्या भागांना एकमेकांशी सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरून, बोलायची सवय! त्यासाठी कोडमध्ये खोटं सॉकेट लिहिलेलं आहे. बाहेरून सॉकेटसारखंच, आत फक्त मेमरीतली देवघेव. नेटवर्कची एकही पायरी नाही. विमान मोड लावून तपासलं, फाइल उघडते, लिहिता येतं, सेव्ह होते.

१६ ऑगस्ट

मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसतात. कारण सापडलं. बाहेरच्या पट्टीवरचे शब्द ब्राउझरच्या बाजूच्या भाषांतर-फाइलमधून येतात. ‘परिच्छेद’ किंवा ‘सारणी’ दाबल्यावर खालून वर येणाऱ्या पट्टीतले शब्द मात्र थेट इंजिनातून येतात. डेस्कटॉपच्या संवाद-चौकटींचं वर्णन जेसन या मजकूर-स्वरूपात पडद्याकडे पाठवलं जातं आणि तिथे बोटाजोगी बटणं तयार होतात. दोन्हीकडची मराठी भाषांतरं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी केलेली. बिल्डमध्ये इंजिनाची मराठी घालायला सांगितलं आणि अर्धा प्रश्न सुटला. उरलेली वाक्यं वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर भाषांतरित करतोय. ‘सेव्ह करा’ ठेवलं आहे, ‘जतन करा’ नाही. शिक्षक बोलताना सेव्हच म्हणतात.

२३ ऑगस्ट

फॉन्ट. आठवडाभर दुसरं काही केलं नाही.

सोबत येणाऱ्या लिबरेशन फॉन्टांमध्ये देवनागरी नाही. मग इंजिन जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो उचलतं. अँड्रॉइडसोबत नोटोचा देवनागरी फॉन्ट असतो, तो सापडतो आणि मजकूर दिसतो. इथेच थांबलो असतो तर कुणी तक्रार केली नसती. पण आलेली फाइल ‘मंगल’मध्ये आहे. मंगल विंडोज २००० पासूनचा, कार्यालयांत अजून सर्वत्र तोच. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, आपल्याला वाटता येत नाही. मंगलची ओळ बरीच उंच असते. दुसरा फॉन्ट आला की ओळी जवळ येतात, दोन पानांचं इतिवृत्त दीड पानावर येतं, आणि सह्यांचा तक्ता भलत्याच जागी जातो. फोनवर ते कळत नाही. तालुक्याला प्रिंट निघाल्यावर कळतं.

लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टांची बदली-यादी असते. अमका नसेल तर तमका. त्यात मंगल, अपराजिता, कोकिळा, निर्मला यांच्यासाठी आमच्या पसंतीच्या नोंदी घातल्या, आणि आमच्या नमुन्यांमध्ये ओळीची उंची टक्क्यांऐवजी ठरावीक पॉइंटमध्ये दिली. मग फॉन्ट बदलला तरी पान फारसं हलत नाही. बाहेरून आलेल्या फाइलींना हा उपाय लागू होत नाही. तिथे फरक पडणार, आणि शिक्षकांना तसं आधीच सांगायचं.

ॲपमध्ये घातलेले फॉन्ट : मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, नोटोचे दोन, आणि तीरो देवनागरी मराठी. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखालचे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तोच फॉन्ट, तेच अक्षर, पण ल आणि श मराठी वळणाचे हवेत की हिंदी, हे फॉन्टला भाषेच्या खुणेवरून कळतं. फॉन्टमध्ये ‘मराठी असेल तर हा ल वापर’ असा नियम लिहिलेला असतो, आणि मजकुरावर मराठी अशी खूण असेल तरच हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) तो नियम चालवतं. (लिब्रेऑफिसमध्ये सगळीकडे हार्फबझनेच अक्षरं जुळवायची हे २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून आलं. त्याआधी विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरं दिसायचं. फोनवरची देवनागरी आज विश्वासार्ह आहे ती त्या कामामुळे.) पण लिब्रेऑफिस भाषांचे तीन गट करतं, आणि देवनागरी ज्या गटात येते त्याची मूळ भाषा बहुतेक वेळा हिंदी धरलेली असते. लिब्रेऑफिसची कुठलीही ओडीटी फाइल उलगडून आतला एक्सएमएल बघा. मराठी माणसाने, मराठीत लिहिलेल्या फाइलवर शिक्का हिंदीचा असतो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

बिल्डच्या मूळ सेटिंगमध्ये ती खूण मराठी केली. एका ओळीचा बदल. त्याच फाइलमध्ये त्याच ‘मुक्त’ फॉन्टने जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहिली, आणि मगच इतर नमुन्यांना हात लावला. तीरो मराठीत मराठी वळण मुळातच असल्यामुळे जुन्या, हिंदीचा शिक्का असलेल्या फाइलींसाठी तो ठेवला आहे.

१३ सप्टेंबर

गणपती झाले, काम पुन्हा सुरू. कीबोर्ड.

फोनवरचा कीबोर्ड डेस्कटॉपसारखा ‘क दाबला’ असं सांगतच नाही. तो शब्द रचत राहतो. पडद्यामागे एक अदृश्य लिहिण्याची जागा असते, कीबोर्ड तिच्यात अक्षरं घालतो, काढतो, आणि सुचवलेला शब्द दाबला की आख्खा शब्द बदलून टाकतो. ॲपचं काम एवढंच, की आधी काय होतं आणि आता काय आहे याची तुलना करायची आणि इंजिनाला सांगायचं : मागची इतकी चिन्हं काढ, ही नवी घाल. त्या अदृश्य जागेत मजकुराच्या आधी आणि नंतर एकेक रिकामी जागा पेरून ठेवलेली असते. शब्द संपल्यावरही मागे खोडलं तर आधीची जागा गायब होते, आणि त्यावरून कळतं की माणसाला अजून मागचं खोडायचं आहे.

आमचा चाचणीचा शब्द ‘शेतकऱ्यांच्या’. एवढ्या एका शब्दात ऱ्या, अनुस्वार आणि च्या, तिन्ही आहे. ‘शेतकर्यांच्या’ असं टाइप केलं की कीबोर्ड बरोबर रूप सुचवतो. ते दाबलं की ‘शेतक’ एवढा भाग सारखा राहतो आणि पुढचं सगळं काढून नव्याने घातलं जातं. एका कीबोर्डवर हे व्यवस्थित होतं. दुसऱ्या एकावर शब्द रचणं संपल्याची खबर शब्द बदलण्याच्या आधी येते, आणि ‘शेतकर्यांच्याशेतकऱ्यांच्या’ असा जोडशब्द उमटतो. घटनांचा क्रम नोंदवून घेतला. आता ही खबर आल्यावर लगेच काही न पाठवता, त्याच क्षणात येणाऱ्या पुढच्या बदलाची वाट बघतो. तेवढ्याने सुटलं.

मागे खोडण्याच्या बाबतीत लिब्रेऑफिसची रीत मला पटलेली आहे. बॅकस्पेसने एकच चिन्ह जातं. ‘की’ मधली वेलांटी जाते, क राहतो. डिलीटने मात्र पुढचं आख्खं अक्षर जातं. टाइप करताना शेवटची वेलांटी चुकली तर तेवढीच सुधारता यावी, यामागचा विचार सरळ आहे. त्याला हात लावायचा नाही.

२७ सप्टेंबर

सुरगाणा. शाळेच्या व्हरांड्यात चार शिक्षक आणि एक मुख्याध्यापक मॅडम. बाहेर पाऊस.

मॅडमनी व्हॉट्सॲपवर आलेली फाइल दाबली, आमच्या ॲपमध्ये उघडली, लिहिलं, सेव्ह केलं. मग विचारलं, “सर, गेली कुठं फाइल?”

प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर अँड्रॉइडच्या रचनेत आहे. अँड्रॉइड १० आणि ११ पासून ॲपला फोनच्या साठ्यात मोकळं फिरता येत नाही. दुसऱ्या ॲपने फाइल दिली म्हणजे खरा पत्ता मिळत नाही, वाचायची एक परवानगी मिळते. लिब्रेऑफिसला तर खरी फाइल लागते, मागे-पुढे जाऊन वाचता येणारी. म्हणून आधी ॲपच्या खासगी जागेत प्रत होते, काम त्या प्रतीवर चालतं, आणि सेव्ह करताना ती मूळ जागी परत लिहिली जाते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलवर परत लिहिण्याची परवानगीच नसते. मग लिहिलेलं जायचं कुठे?

तिथेच बसून ठरवलं. परत लिहिता येत नसेल तर ॲपने उघडतानाच सांगायचं, ‘ही फाइल तुमच्या फोनमध्ये कुठे ठेवू?’ आणि मूळ उत्तर म्हणून डॉक्युमेंट्समध्ये ‘शाळा’ नावाचा फोल्डर पुढे करायचा. आधी विचारलं की माणूस निर्धास्त लिहितो. सेव्ह केल्यावर ‘डॉक्युमेंट्स, शाळा, इतिवृत्त सप्टेंबर’ असा पूर्ण पत्ता खाली दोन सेकंद दिसतो. एका गुरुजींनी सुचवलं की तिथेच ‘पाठवा’ बटण द्या. दिलं.

आणखी एक. लिहिता लिहिता मॅडमना फोन आला, त्या बोलल्या, मग कॅमेरा उघडून मुलांचा फोटो काढला. कमी रॅमच्या फोनवर एवढ्यात अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून टाकतो. इंजिन मोठं असल्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. ॲप मागे जाताच प्रत सेव्ह होते, ही सोय आहेच. परत आल्यावर कर्सर होता त्याच ओळीवर आणायचं काम आमचं.

११ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी जुन्या फाइली जमवून घेतल्या. तीन प्रकारचे गुंते निघाले.

पहिला : श्री-लिपी, आकृती, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली. त्यांच्यात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्री-लिपी बनवली तो काळ युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याच्या आधीचा होता. पुढे त्यांनीच तयार केलेले लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने खुले केले आणि लिनक्सवर मराठी दिसायला त्यांची मदत झाली, हेही नोंदवायला हवं. अशा फाइली उघडताना फॉन्टचं नाव ओळखून युनिकोडमध्ये बदलून देणं शक्य आहे, प्रत्येक फॉन्टची सारणी लागते. श्री-लिपीच्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या संचापासून सुरुवात केली आहे.

दुसरा : ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फाइलींत ‘ऍप’, किंवा अ-वर वेगळा चंद्र ठेवलेलं. दिसायला जवळपास सारखं, शोधायला वेगळं.

तिसरा सगळ्यात दाट : ऱ्य. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला सापडला. एक ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन. दुसरा साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. तिसरा र खाली नुक्ता ठेवून. यातले पहिला आणि तिसरा युनिकोडच्या नियमाने एकच आहेत, दुसरा मात्र नाही. तिन्ही डोळ्याला हुबेहूब एकसारखे. ‘दुसऱ्या सत्राची सभा’ शोधली तर निम्म्या फाइली निघतच नाहीत. शिक्षकाला वाटतं, फाइल गेली.

शोध घेताना हे फरक दुर्लक्षित करता आले पाहिजेत. लिब्रेऑफिसमध्ये अरबीसाठी अशी सोय आहे. शब्द लांबवणारी कशिदाची रेघ शोधताना सोडून देता येते. त्याच जागी मराठीची सोय लिहायची. हे आमच्या ॲपपुरतं ठेवण्यात अर्थ नाही, मूळ प्रकल्पातच गेलं पाहिजे. डेस्कटॉपवर लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते लागणार आहे.

१ नोव्हेंबर

आजपासून प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ साठीच्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबी पानांचं बंधन लागू. फोनची मेमरी आजवर ४ केबीच्या पानांत वाटलेली असे, नव्या फोनांत ती १६ केबीच्या पानांत असू शकते, आणि लायब्ररी त्या मापाने रचलेली नसेल तर उघडत नाही. आमची तर एकच अवाढव्य लायब्ररी. लिंकरला एक सूचना दिली, एनडीके या अँड्रॉइडच्या अवजारांच्या नव्या संचात तर ते आपोआप होतं. पुन्हा रात्रभर बिल्ड.

१५ नोव्हेंबर

कॅल्क. पोषण आहाराचा तक्ता : तारीख, उपस्थित विद्यार्थी, तांदूळ, डाळ, शिल्लक.

लाखाच्या जागी स्वल्पविराम मराठी लोकॅलमुळे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमुळे) बरोबर पडतो, १,००,००० असाच. आकडे देवनागरीत दिसावेत ही मॅडमची मागणी होती. आकड्याच्या स्वरूपात तशी खूण घातली की साठवलेली संख्या संख्याच राहते, फक्त पडद्यावर आणि प्रिंटमध्ये देवनागरी दिसते. बेरीज बिघडत नाही, आणि तालुक्याच्या एक्सेलमध्ये उघडली तरी चालते. नमुन्यात हे आधीच घातलं.

छोट्या पडद्यावर तक्ता भरताना खरा त्रास आडवं सरकण्याचा होता. पहिला स्तंभ आणि वरची ओळ गोठवून ठेवली. आजचा दिवस उघडताच निवडलेला असेल तर मॅडमना एकदाही सरकवावं लागत नाही. ते अजून करायचं आहे.

२९ नोव्हेंबर

शुद्धलेखन तपासनीस हनस्पेल या खुल्या प्रोग्रॅमवर चालतो. एक शब्दयादी, एक प्रत्ययांच्या नियमांची फाइल. मराठीत नुसती यादी पुरत नाही. ‘शेतकरी’ ला ‘ला’ लागताना ‘शेतकऱ्याला’ होतो, म्हणजे सामान्यरूप होताना मूळ शब्दच बदलतो. मग ‘शेतकऱ्यालाही’, ‘शेतकऱ्यांच्यासाठी’, ‘शेतकऱ्यांपर्यंतचं’. प्रत्येक रूप यादीत लिहायचं तर फोनची मेमरी खाऊन टाकेल. नियम लिहायचा तर ई-कारान्त पुल्लिंगी नामांचा गट, त्यातले अपवाद, शब्दयोगी अव्ययांची साखळी. आम्ही शाळेच्या कामात येणारे शब्द आधी घेतले. विद्यार्थी, पालक, उपस्थिती, शिष्यवृत्ती, पटसंख्या, लाभार्थी. ‘विद्यार्थी’ आणि ‘शेतकरी’ दोघेही ई-कारान्त, पण एकाचं ‘विद्यार्थ्याला’, दुसऱ्याचं ‘शेतकऱ्याला’. म्हणून स्वतंत्र नियम. आमच्यातल्या निवृत्त मराठीच्या बाई हे गट वहीत हाताने पाडून देतात, आम्ही नियमांत उतरवतो. त्यांच्या वहीशिवाय हे काम एक पाऊलही पुढे गेलं नसतं.

इथे ऑगस्टमधला तो एका ओळीचा बदल पुन्हा कामी आला. मजकुरावर मराठीची खूण असेल तरच मराठी शब्दसंग्रह लागतो. हिंदीचा शिक्का असलेल्या जुन्या फाइलीवर तपासनीस गप्प बसतो. फाइल उघडताना मजकूर मराठी आहे असं दिसलं (ळ आणि ऱ्य भरपूर असले की ओळखता येतं) तर ‘भाषा मराठी करू का?’ असं विचारायची सोय घातली. आपणहून बदलायचं नाही. फाइल लिहिणाऱ्याची आहे.

१३ डिसेंबर

शोधाचा पॅच (कोडमधला बदल) लिब्रेऑफिसच्या गेरिटवर, म्हणजे बदल तपासून घेण्याच्या त्यांच्या जागेवर, चढवला. सोबत चाचण्याही, कारण चाचण्यांशिवाय असे बदल टिकत नाहीत. उद्या कुणी त्या कोडला हात लावला तर मराठी मोडली हे त्याला लगेच कळलं पाहिजे.

चढवण्याआधी गटात दाखवला होता. वऱ्हाडातल्या मित्राने चाचणीच्या शब्दांची यादी वाचून लगेच लिहिलं, “सगळीकडे ऱ्यच घेतलंय. ऱ्ह कुठाय?” त्याप्रमाणे वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, बिऱ्हाड हे शब्द तिन्ही लेखनपद्धतींत चाचणीत घातले. एकात जोडक वेगळ्या जागी असलेली प्रतही निघाली, तीही घेतली. सगळ्या चाचण्या चालल्यावरच पाठवला.

सुरगाण्याच्या फोनांवर नवा बिल्ड पुढच्या आठवड्यात जाईल. त्यात कर्सर जागेवर येणं, आजच्या दिवसाची ओळ आपोआप निवडली जाणं, आणि श्री-लिपीच्या पहिल्या संचाचं रूपांतर आहे. एका शिक्षकांच्या फोनमध्ये टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लागतं. फरशांनी रंगवलेलं पान पडदा-वाचकाला चित्रासारखंच असतं, त्यामुळे कर्सर असलेल्या परिच्छेदाचा मजकूर त्या अदृश्य लिहिण्याच्या जागेत वेगळा पोहोचवावा लागतो. जानेवारीत आधी ते.